संस्थेचे संकेतस्थळ : नवी घडी – लेखांक ५ : रफार जागेवर आहे ना?

मागच्या लेखांकात संकेतस्थळाच्या नावाचा ताबा संस्थेकडेच का असावा, ते पाहिले. आता जुन्या मजकुराकडे वळू. नव्या संकेतस्थळाची बैठक बहुधा रंग आणि फोटोंवरून सुरू होते. ती मजकुरावरून सुरू व्हावी, असे मला मनापासून वाटते.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दृष्टिहीन आणि दिव्यांग मुले-मुली राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावर कानांनी वाचतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. पण एखाद्या संस्थेने शिष्यवृत्तीची माहिती जुन्या फॉन्टमध्ये दिली असेल, तर त्याला रोमन अक्षरांची निरर्थक बडबड ऐकू येते. नुसता जाहिरातीचा फोटो चढवला असेल, तर तेवढेही नाही. ज्याच्यासाठी योजना, त्याच्यापर्यंतच ती पोहोचत नाही.

याचे कारण फॉन्टच्या पोटात आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाने साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्यामुळे गूगलवर मराठीत शोधणाऱ्यालाही ते पान सापडत नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. ‘धर्मादाय’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये रफार ‘मा’नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो ‘र्’ म्हणून ‘मा’च्या आधी साठवला जातो. पहिल्या वेलांटीचे उलटे : जुन्यात ती अक्षराआधी, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर चुकतो आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. आपल्या संस्थांचे शब्द तर रफार-वेलांटीनेच भरलेले : कार्यकारिणी, वार्षिक, अर्थसाहाय्य, निधी.

म्हणून दोघांनी बसावे. एकाने मूळ छापील अहवाल मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडावे. आकडे, नावे आणि नोंदणी क्रमांक दोनदा तपासावेत. फोटोंमध्ये काय दिसते, ते त्यांच्याखाली एका वाक्यात लिहावे. स्क्रीन रीडर तेच वाचतो.

काम किचकट आहे खरे, पण खानदेशाला ते नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून मोडी लिपीतले कागद जमवत आणि देवनागरीत छापत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यातूनच उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तिथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत नेताना अक्षर न् अक्षर मुळाशी ताडायचे असते. फॉन्ट बदलतानाही तेवढीच निष्ठा हवी.

या आठवड्यात एवढे कराच. संस्थेच्या संकेतस्थळावरची एक ओळ कॉपी करून मोबाइलवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन गिचमीड उमटली, तर रंगरंगोटी थांबवा आणि आधी हे काम हाती घ्या. पुढच्या लेखांकात देणगीच्या पानाविषयी.