एम्प्रेस मिलपासून काजूकतलीपर्यंत

परक्या संस्कृतीत धंदा म्हटलं की आपल्याला टोकियो नाहीतर दुबई आठवते. पण मुंबईच्या पारशाला आणि बिकानेरच्या मारवाड्याला नागपूरही परकंच होतं. दोघांचे धंदे इथं रुजले ते इथल्या लोकांना बदलून नव्हे, स्वतःचे नियम बदलून. त्यातली पहिली गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे आणि जास्त शिकवणारीही तीच.

दलदलीत गिरणी

१ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची नागपूरची कापडगिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईतच, असा रिवाज होता. जमशेटजींचा हिशेब वेगळा होता. कापूस वऱ्हाड-वर्ध्याचा, कोळसा वरोऱ्याचा आणि १८६७ पासून रेल्वे नागपूरपर्यंत आलेली. मग कापूस मुंबईला वाहून न्यायचा कशाला?

जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरापाशी. जमीन दलदलीची होती, भराव घालावा लागला. गावातल्या एका सावकारानं या उद्योगाला पैसा द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं जमिनीत गाडतोय, असं त्याचं मत. पुढे त्यानंच कबूल केलं, की यानं माती टाकली आणि सोनं काढलं. सावकाराला हसण्याचं कारण नाही. अनोळखी माणसाच्या हातात पैसा देण्याआधी गाव त्याचा ठाव घेतंच.

व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी मेहता यांना आणलं. ते रेल्वेत नोकरीला होते, कापडधंद्याचा अनुभव शून्य. माणसं आणि माल हाताळायची सवय मात्र होती. यंत्रं कळणारे लोक वेगळे नेमता येतात, असा त्यामागचा विचार असावा.

हजेरीचं कोडं

खरी अडचण गिरणी सुरू झाल्यावर आली. रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे, असं टाटांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. मुंबईत लोक चौदा चौदा तास राबत, इथं ते जमेना. चरित्रकार याला नागपूरकरांची सुस्ती म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याची शेती आहे तो पेरणी-कापणीला घरी जाणारच. ज्या विणकराचा माग घरातच होता, त्याला भोंग्यावर उठायचं कारण तोवर पडलं नव्हतं. लग्नकार्य आणि जत्रा तर वेगळ्याच. आणि हे लोक मुके नव्हते: गिरणी सुरू झाली त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून इथं संप झाला. हिंदुस्थानातल्या नोंदलेल्या सुरुवातीच्या संपांत तो धरला जातो.

त्या वेळचा सर्वमान्य उपाय म्हणजे दंड: गैरहजर राहिला, पगार कापा. जमशेटजी दुसऱ्या वाटेनं गेले. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ मध्ये कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याची सोय आली. खेळांचे दिवस, कुटुंबासह मेळावे, त्यात बक्षिसं. म्हणजे जो माणूस नात्यागोत्यात आणि सणासुदीत रमतो, त्याला गिरणीतही नातं आणि सण मिळाला. भरपाईचा कायदा सरकारनं कितीतरी नंतर, १९२३ मध्ये केला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये. जमशेटजींच्या या सोयींत निव्वळ दयाळूपणा शोधू नये. रोज हजर राहणारा अनुभवी हात मालकाला स्वस्त पडतो.

हवेचंही तसंच. मुंबईची हवा मुळात दमट. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तटातट तुटतं. त्यामुळे गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रणा बसवली. सुताला फायदा झालाच, माणसालाही थोडा गारवा मिळाला.

भुजियाच्या गावाहून

दुसरी गोष्ट हल्दीराम घराण्याची. बिकानेरला १९३७ मध्ये सुरू झालेला हा व्यवसाय कोलकात्यामार्गे वाढला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिवकिसन अगरवाल नागपुरात आले. मटकीच्या पिठाचा बिकानेरी भुजिया हा घरचा हुकमी एक्का, पण शेव-चिवड्याच्या या गावात तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांनी मिठाईकडे मोर्चा वळवला. काजूकतली तेव्हा इथं फारशी कुणाला ठाऊक नव्हती. आधी चव घ्या, म्हणून त्यांनी ती गिऱ्हाइकांच्या हातावर फुकट ठेवली. पुढे उपाहारगृहात इडली-डोसाही आला. बिकानेरच्या खानदानी हलवायानं डोसा विकायचा, म्हणजे घरचा अभिमान बाजूला ठेवणंच. संत्र्याची बर्फी तर आज नागपूरहून न्यायची भेट झाली आहे. हल्दीरामच्या दिल्ली आणि नागपूर शाखांचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय २०२५ मध्ये एक झाला.

नव्यानं येणाऱ्यांसाठी

नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्यप्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्यामुळे बाजारात हिंदी सहज चालते आणि बाहेरचा माणूस त्यावर फसतो. भाषा कळली म्हणजे गाव कळलं, असं त्याला वाटतं. इथलं वेळापत्रक पोळ्याभोवती, दसऱ्याच्या दीक्षाभूमीभोवती आणि मे महिन्याच्या दुपारीभोवती फिरतं. मिहान किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक भागात नवा कारखाना काढणाऱ्यांनी मुख्यालयातून आलेली सुट्ट्यांची यादी फलकावर लावण्याआधी इथल्या चार जुन्या कामगारांना दाखवावी. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी हजेरी किती लागेल, ते तेच सांगतील.