पोतीची पावती

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात पराटीवरचे मावा-तुडतुडे पाहायला गेलो होतो. कास्तकाराच्या घरी चहा झाला, पण चहा देणारी सून बोलेना. लग्नाला दुसरे वर्ष. सासूबाईंनीच हळूच सांगितले, नवराबायकोत महिनाभर अबोला आहे.

कारण पोत. तिकडे विहिरीचे पाणी खारट, सारी शेती पावसावर. मृग हुकला, दुबार पेरणी आली, बियाण्याला पैसा नाही. पोराने बायकोची पोत परस्पर गहाण टाकली आणि "सोनाराकडे सांधायला दिली" म्हणाला. पुढे सावकाराची पावती सदऱ्याच्या खिशात सापडली.

"मले सांगतलं असतं त मीच काढून देली असती," सून म्हणाली. आता तो बाजाराला निघाला तरी तिला संशय येतो.

आपल्याकडे खर्च जूनमध्ये आणि कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास. मधले महिने घरोघरी चिडचिडीचे.

स्त्रीधन बायकोचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा कास्तकारांनी बायकोच्या नावे शेत करून दिले. इथे तर साधे विचारलेही नाही!

मी पोराला वही आणायला लावली. (हे काही आमच्या खात्याचे काम नव्हे.) बी, खत, फवारणी, उधारी, सारे लिहायचे आणि दोघांनी वाचायचे. पहिल्या ओळीत त्याने पोतीचे कर्ज लिहिले, व्याजासकट.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. पोत अजून सुटली नव्हती. वही मात्र सुनेच्या हाती होती, आणि एक फवारणी लिहायची राहिली म्हणून ती नवऱ्याला हटकत होती.