भेळीच्या स्टॉलवर शिकलेला नफा-तोटा लेकरू विसरत नाही; शाळेच्या मेळाव्यात पालकांनी काय करायचं?

करमाड : दिवाळीची सुट्टी संपली की गावोगावच्या शाळांत बाल आनंद मेळावा, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन यांची धांदल सुरू होते. फोटो निघतात, स्टेटसला लागतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत होतं. पण त्या एका दिवसातून लेकरांच्या पदरात काय पडलं? गाव शाळेच्या जरा जवळ आलं का? हा हिशोब फारसा कुणी मांडत नाही.

हा प्रश्न करमाड परिसरात जास्त महत्त्वाचा आहे. जालना रोडवरचं गाव, जवळच शेंद्रा एमआयडीसी. कुणाचे वडील शेतात, कुणाचे कंपनीत शिफ्टला. ज्यांना परवडतं ते लेकराला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतात. जिल्हा परिषद शाळेचा पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद कमी होतं. शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही दुसरी शाळा शोधतात. ही गळती नुसती रंगरंगोटी करून थांबत नाही. शाळेत काय चाललंय हे पालकांनी डोळ्यांनी पाहिलं, तरच विश्वास बसतो. मेळावा ही त्यासाठीची चांगली संधी असते.

मेळावा कुणाचा, लेकरांचा की आयांचा?

बऱ्याच ठिकाणी होतं असं, की आई पहाटे उठून वडे तळते, वडील टेबल आणून देतात, पैसेही मोठी माणसंच घेतात. लेकरू फक्त नवा ड्रेस घालून उभं राहतं. मग शिकलं कोण?

समजा, पाचवीच्या चार पोरांनी भेळीचा स्टॉल लावला. मुरमुरे ६० रुपये, फरसाण ९०, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर ५०, चिंच-गूळ ३० आणि कागदी प्लेटा २०. एकूण खर्च २५० रुपये. दहा रुपये प्लेटप्रमाणे ४० प्लेटा विकल्या, तर गल्ला ४०० आणि नफा १५० रुपये. चौघांत वाटले तर प्रत्येकी साडेसदतीस. पुस्तकातला अपूर्णांक इथं खिशात येतो.

आता पुढचे प्रश्न पोरांनाच विचारा. २५ प्लेटाच विकल्या तर? गल्ला २५०, म्हणजे ना नफा ना तोटा. शेजारच्या स्टॉलनं आठ रुपयाला भेळ लावली म्हणून आपणही भाव उतरवला तर? ४० प्लेटांचे ३२० येतील, नफा ७०वर येईल. शेतमालाचा भाव पडला की बापाच्या कपाळावर आठी का येते, हे त्या लेकराला त्या दिवशी कळतं.

यासाठी तीन गोष्टी पाळाव्यात. खरेदी पोरांनी करावी, शक्यतो आठवडी बाजारात जाऊन आणि भाव विचारून. वहीत खर्च-विक्री त्यांनीच लिहावी. आणि मेळावा संपल्यावर सोमवारी वर्गात प्रत्येक गटानं हिशोब वाचून दाखवावा, तोटा झाला असला तरी. गॅसवरचं आणि तळणाचं काम मात्र मोठ्यांनीच करावं, तिथं हयगय नको.

ज्याच्याकडं भांडवल नाही, त्याचं काय?

ही बाब सहसा कुणी बोलत नाही. मजुरी करणाऱ्या घरातलं किंवा आजी-आजोबांकडं राहणारं लेकरू मेळाव्याच्या दिवशी घरीच थांबतं, कारण २५० रुपये मागायची त्याला लाज वाटते. उपाय सोपा आहे. स्टॉल एकेकट्याचा न ठेवता चौघा-पाचजणांचा गट करा. शाळेनं किंवा गावातल्या चार जणांनी प्रत्येक गटाला सारखंच भांडवल उसनं द्यावं, विक्रीतून ते आधी परत घ्यावं. बचत गटातल्या बायांना हे सांगायचीही गरज नाही, त्या दर महिन्याला हेच करतात. त्यांच्यापैकी एकीला पोरांना हिशोब शिकवायला बोलवा.

जवळचंच उदाहरण : गाडीवाट

शहरापासून साधारण २५ किलोमीटरवरच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेनं २०१९ मध्ये मुलांनाच विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ असलेल्या बऱ्याच मुलांनी जपानी निवडली. सुरुवातीला इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शिकणं सुरू झालं, पुढं शहरातल्या एका जाणकारानं ऑनलाइन वर्ग घेतले. शिकलेली मुलं दुसऱ्यांना शिकवू लागली. जपानी प्रत्येक शाळेनं शिकवावी असं नाही. पण मुलांना विचारलं, त्यांचं ऐकलं आणि बाहेरच्या माणसाला शाळेत जागा दिली, हे कुठलीही शाळा करू शकते.

हातानं शिकणं काही नवं नाही

महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत 'नई तालीम' मांडली. हाताच्या कामातून शिक्षण, असा तिचा गाभा होता. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि घर-आरोग्य अशी कामं आहेत. मुलं केलेल्या कामाचा खर्च काढतात आणि गावाला उपयोगी पडणारी कामं करतात.

राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम जाहीर केला. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची सूचना आहे. म्हणजे वेळ आणि परवानगी दोन्ही आहे, फक्त माणसं हवीत.

गावाकडं जे आहे, तेच शाळेत न्या

गावातल्या वायरमननं फ्यूज का उडतो ते दाखवावं. शेतकऱ्यानं बियाणं उगवणीची चाचणी करून घ्यावी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, उगवलेले मोजायचे, टक्केवारी आपोआप निघते. कंपनीत जाणाऱ्या पालकानं मापपट्टी आणि व्हर्नियर हातात द्यावं. आज्जीनं जुन्या जात्याची आणि १९७२च्या दुष्काळाची आठवण सांगावी, मुलांनी ती लिहून काढावी. शाळेच्या परसबागेत मेथी-पालक लावला तर तोच पोषण आहारात पडतो.

पालकांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

- शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. नुसती सही करून निघू नका, वर्षाचे उपक्रम बैठकीत ठरवा.
- कार्यक्रमाची वेळ ठरवताना शिफ्ट आणि बाजाराचा दिवस बघा. शेतीची घाई असेल तर संध्याकाळी ठेवा.
- डीजे आणि सत्कारावरचा खर्च कमी करा. पाहुण्यांची भाषणं आटोपशीर ठेवा, माईक पोरांच्या हातात द्या.
- पैसे देता येत नसतील तर दोन तास द्या. शाळेला त्याचीही तेवढीच गरज असते.

यंदा मेळाव्याला गेलात, की फोटो काढायच्या आधी एक काम करा. एखाद्या लेकराजवळ थांबा, एक प्लेट भेळ घ्या आणि विचारा, "बाळा, तुला ही केवढ्याला पडली?" त्याला उत्तर देता आलं, तर तुमच्या शाळेचा मेळावा झाला म्हणायचं.