सोनमाशाचे विकार आणि पाण्याची परीक्षा

बेंगळुरूच्या कोरमंगला भागात पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत काचेची लहानशी पेटी असते आणि तीत दोन-चार सोनमासे फिरत असतात. एखाद्या सकाळी हे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. पाळणारा गडबडून जातो, दुकानातून औषध आणून पाण्यात टाकतो, आणि तरीही मासे दगावतात. अशा वेळी दोष बहुधा औषधाचा नसतो, निदानाचा असतो. मासा ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यात श्वास घेतो आणि त्यातच मलविसर्जनही करतो. म्हणून माशाच्या आधी पाणी तपासावे, हा मत्स्यपालनातील पहिला नियम होय.

अमोनियाचे विष

सोनमाशाच्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनिया तयार होतो. पेटीतील वाळू व गाळणी यांवर वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यांपैकी पहिले दोन पदार्थ विषारी असून तिसरा त्यामानाने सौम्य आहे. नव्या पेटीत या जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवे मासे पहिल्या महिन्यातच का मरतात, याचे उत्तर यात आहे.

अमोनिया किती घातक ठरेल, हे पाण्याच्या सामूवरही अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला, की तो भाग शेकडा पाचांच्या वर जातो. म्हणजे अमोनियाची एकूण मात्रा तीच राहूनही विष जवळजवळ दसपट होते.

कोरमंगल्याचे पाणी

या भागात नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून आणलेले असते. ते क्लोरीनने निर्जंतुक केलेले असल्याने माणसास निर्धोक असते. माशाच्या कल्ल्यांना मात्र तोच क्लोरीन भाजतो. असे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे, किंवा छायाचित्रणात वापरला जाणारा हायपो, म्हणजेच सोडियम थायोसल्फेट, योग्य प्रमाणात घालून क्लोरीन नाहीसा करावा.

नळाचे पाणी अपुरे पडले, की कूपनलिका किंवा टँकर यांचा आधार घेतला जातो. २०२४ च्या टंचाईत हे विशेष घडले. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते व त्यात प्राणवायू कमी असतो. अशा पाण्याने पेटी एकदम भरली, तर सामू झपाट्याने वाढून साचलेला अमोनिया अधिक विषारी होऊ शकतो. स्वच्छ पाणी घातल्यावरच मासे मेले, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाण्यात प्राणवायूही सुमारे एकदशांश कमी विरघळतो; उन्हाळ्यात तो आणखी घटतो. म्हणून समुद्रकाठच्या शहरापेक्षा येथे पेटीत मासे कमी ठेवणे व हवेचा पंप चालू ठेवणे श्रेयस्कर.

लक्षणे कशी वाचावीत

सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले, तर दोष पाण्याचा समजावा. एकच मासा आजारी असेल, तर रोगाचा संशय घ्यावा. पृष्ठभागाशी धापा टाकणे हे प्राणवायूच्या तुटीचे किंवा कल्ल्यांना इजा झाल्याचे चिन्ह आहे. कल्ले तपकिरी दिसले, तर नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी झाली असण्याचा संभव असतो.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके हे एका सूक्ष्म परजीवीचे लक्षण होय. हा परजीवी पाण्यात मुक्तपणे पोहत असतानाच औषधाने मरतो, त्वचेखाली असताना नाही. म्हणून ठिपके गेले, तरी उपचार काही दिवस चालू ठेवावा लागतो. परंतु विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर येणारे पांढरे कण हा रोग नव्हे. खवले उभे राहून अंग फुगणे हे मात्र आतील अवयव बिघडल्याचे गंभीर लक्षण आहे.

उपाय

प्रथम खाद्य बंद करून हवेचा पंप चालवावा. मग अमोनिया, नायट्राइट व सामू तपासावेत; जुळलेल्या पेटीत पहिल्या दोहोंचे प्रमाण शून्य असावे. दोष आढळल्यास क्लोरीन काढलेले, सारख्याच तापमानाचे व शक्यतो सारख्याच सामूचे पाणी घेऊन रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. गाळणी नळाच्या पाण्याने धुऊ नये, त्याने उपयुक्त जीवाणू मरतात. काही जंतुनाशक औषधेही हेच करतात; म्हणून निदानापूर्वीचे औषध अपायकारक ठरते.

मार्च २०१६ मध्ये याच शहरातील हलसूर तलावात हजारो मासे मरून तरंगू लागले. सांडपाण्याने तेथील प्राणवायू घटला होता. कोरमंगल्याच्या खोऱ्यातील सांडपाणीही पुढे बेळंदूर तलावाकडे वाहते. पेटी आणि तलाव यांना लागू होणारे नियम एकच आहेत. पेटीत मासा गुदमरला, तर पाणी बदलता येते; तलावाचे पाणी बदलता येत नाही, ते आधीच जपावे लागते.