ज्येष्ठ धावपटू आणि वजनाचा व्यायाम : वाग्भटोक्त निषेधाचा विचार

व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक व अजीर्णी यांच्या जोडीला वृद्धाचाही उल्लेख केला आहे. त्यामुळे साठी उलटलेल्या धावपटूने ‘वजन उचलू का?’ असे विचारले की आपल्या तोंडून नकारच निघतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हाच सल्ला दिला. परंतु भंडाऱ्यात वैनगंगेच्या काठाने रोज पहाटे धावणारे एक निवृत्त शिक्षक पाटावरून उठताना हाताचा टेकू घेऊ लागले, तेव्हा त्या सल्ल्याचा फेरविचार करणे भाग पडले.

धावण्याने दम वाढतो, बल त्या प्रमाणात वाढत नाही. स्नायूंमध्ये मंद व शीघ्र असे दोन प्रकारचे तंतू असतात. वयोमानाने मुख्यतः शीघ्र तंतू क्षीण होतात, आणि संथ धावण्यात त्यांना फारसे काम पडत नाही. म्हणून तासभर धावणारा मनुष्यही ठेच लागल्यावर तोल सावरू शकेलच असे नाही. वार्धक्य हा मुळात वाताचा काळ. त्यात केवळ धावणे आणि जेवणात भातच भात, मग मांसधातूचे पोषण कशाने व्हावे?

बारामतीच्या लता करे यांनी साठीनंतर नऊवारी नेसून, अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटातील शर्यत जिंकली, हे सर्वश्रुत आहे. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. त्यांच्या पाठीशी शेतमजुरीतील कष्ट होते. आपल्याकडेही रोवणी करणाऱ्या, भारे वाहणाऱ्या स्त्रीला निराळा बलव्यायाम क्वचितच लागेल. कार्यालयातून निवृत्त झालेल्या धावपटूच्या अंगावर मात्र असा भार कधी पडलेलाच नसतो.

१९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला गेला. पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. ऑस्ट्रेलियातील अलीकडच्या एका अभ्यासात अस्थिघनता कमी असलेल्या, रजोनिवृत्त स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली बारबेलने जड वजने उचलली. त्यांच्या कण्याची अस्थिघनता वाढली.

मग वाग्भटोक्त निषेधाचे काय? सुश्रुताचार्य वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम ठरवावा असे सांगतात. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा नियमही आपल्याला ठाऊक आहे. लेखकाच्या मते निषेध आहे तो धातुक्षय करणाऱ्या श्रमाचा. पाच वेळा उचलून थांबणे, दोन-तीन उचली शिल्लक ठेवणे, पुढच्या फेरीआधी दम पूर्ण खाली बसू देणे, ही अर्धशक्तीच होय. याबाबत मतभेद असू शकतात. ज्यांचे असतील त्यांनी अवश्य लिहावे.

प्रारंभ रिकाम्या दांड्यानेही करू नये, कारण व्यायामशाळेतील मोठा दांडाच २० किलोचा असतो. आधी खुर्चीवरून उठबस, नंतर हलका दांडा, आणि आठवड्यागणिक थोडी वाढ असा क्रम ठेवावा. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. त्या दिवशी लांब धावू नये. रक्तदाब, अर्श, आंत्रवृद्धी व नेत्रशस्त्रकर्म यांची चौकशी प्रथम करावी. श्वास कोंडून वजन उचलू देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. ‘ताकदीचे चूर्ण’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण अश्वगंधा देतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत अश्वगंधेने बल अधिक वाढल्याचे दिसले खरे. पण त्या ५७ पुरुषांचे वय १८ ते ५० होते, आणि दोन्ही गट वजनाचा व्यायाम करत होते. तेव्हा पुडी बांधताना व्यायाम व आहाराची चौकशी जरूर करावी. व्यायामाचा अधिकारी स्निग्धभोजी असावा असे शास्त्र म्हणते. दूध, तूप, डाळ, आणि ज्यांना चालतात त्यांना तलावातील मासळी, हे आपल्या जिल्ह्यात दुर्मिळ नाही.

शिक्षक महाशयांनी कार्तिकात आरंभ केला. शीतकाल व वसंत सोडून व्यायाम मंदच असावा या वचनानुसार वैशाखात त्यांचे वजन निम्म्यावर आणले, धावणेही कमी केले. पाटावरून ते आता टेकू न घेता उठतात.