सायकल : स्वस्त आणि महाग

सायकलीवर बोलण्याचा अधिकार मला माझ्या एका चुकीने मिळवून दिला आहे. तेव्हा ती चूकच प्रथम सांगतो.

आमच्या बेळगावच्या वडगाव भागातील एक विणकर गृहस्थ काही वर्षांपूर्वी मजकडे आले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. ते म्हणाले, "सर, दोन सायकली पाहून आलो. एक रंगीत, गियरची, पुढेमागे स्प्रिंगा असलेली. दुसरी साधी, बिनगियरची, आणि तरीही हजार रुपयांनी महाग. कोणती घेऊ?" मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! "मुलाला आवडते ती घ्या. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न. जादा पैसे कशाला?"

पहिल्याच पावसाळ्यात उतारावर ब्रेक लागेना. मुलगा गटारीत पडला आणि त्याचा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. मी घरी गेलो, तेव्हा वडिलांनी दोष देणारा एक शब्दही उच्चारला नाही. सायकल भिंतीला टेकून उभी होती. पुढचे चाक पडल्यामुळे वाकले होते, हे खरे; परंतु ज्याला धक्काही लागला नव्हता ते मागचे चाकही फिरवताच डुलू लागले. ती सायकल मी एका जुन्या कारागिराकडे नेली आणि ती माझ्यासमोर खोलावयास सांगितली. आज जे सांगणार आहे, त्यातील बरेचसे मी त्याच्या दुकानात उभा राहून शिकलो.

सायकलीची आजची घडण फार जुनी आहे. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेनने मिळणारी गती, ही रचना इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ साली रूढ केली. १८८८ साली डनलॉप यांनी तिला हवेची धाव दिली. मूळ यंत्र तेच असेल, तर एक स्वस्त आणि दुसरी महाग का? याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी सापडते.

पहिली जागा चाकाच्या तुंब्यात आहे. तेथे तुंबा स्थिर आसाभोवती छऱ्यांवर फिरतो आणि छरे कप व कोन यांच्यामध्ये धावतात. कप-कोनाचे पोलाद नीट कठीण केलेले असेल, तर ते वर्षानुवर्षे गुळगुळीत राहते. ते मऊ असेल, तर थोड्याच महिन्यांत त्यात खड्डे पडतात आणि मग कितीही ग्रीस भरले तरी चाक खडखडतेच. आमच्या त्या सायकलीत ग्रीस नावालाच होते.

दुसरी जागा स्पोकांची. चाकाचा गोलपणा स्पोकांच्या सारख्या ताणावर अवलंबून असतो. हे काम हाताचे आणि वेळखाऊ आहे. म्हणून किंमत कमी करावयाची झाली की प्रथम त्यालाच कात्री लागते. ताण कमी-जास्त राहिला की चाकात आऊट येतो आणि ब्रेकचे रबर एके ठिकाणी घासते, तर दुसरीकडे टेकतच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाळी मुलखाला फार महत्त्वाची आहे. मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावरून घसरते आणि सायकल थांबावयास कोरड्यापेक्षा कितीतरी अधिक अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक पावसातही पुष्कळ बरा लागतो. पोलादी रिमच असेल, तर उतार सुरू होण्यापूर्वीच ब्रेक हलकेच दाबून ती पुसून घ्यावी. मजबूत काळ्या सायकलींनाही हा नियम लागू आहे.

आता गियर आणि स्प्रिंगा. या वस्तू मुळात वाईट नाहीत. परंतु थोड्या पैशांत त्या बसवायच्या म्हणजे तेवढीच रक्कम अधिक भागांत वाटली जाते आणि प्रत्येक भाग हलक्या प्रतीचा होतो. हलकी स्प्रिंग वजन वाढवते, आणि पायडल मारताना आपले थोडे बळही गिळते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते!

मग जितके महाग तितके चांगले काय? तसेही नाही. १८९७ साली आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट घेतले. कारण सांगाड्यावरचा ताण मुख्यतः सांध्यांपाशी असतो. अशा नळ्यांनी बळ न गमावता वजन घटते. पण एका मर्यादेपलीकडे जादा पैसा मजबुतीसाठी नव्हे, तर अशा हलकेपणासाठी मोजला जातो. शर्यतीत धावणाऱ्याला तो हवा; दप्तर आणि डबा घेऊन शाळेला जाणाऱ्याला नको.

दुकानात पुढील परीक्षा अवश्य करावी. चाक उचलून फिरवावे आणि रिम व ब्रेकचे रबर यांमधील अंतर सारखे राहते का ते पाहावे. रिम बाजूला ढकलून आस खेळतो का ते तपासावे. ब्रेकची मूठ दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. जुनी सायकल असेल, तर आपली फूटपट्टी चेनवर ठेवा. एका पिनेच्या मध्यापासून बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य बरोबर यावयास हवा. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल, तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही झिजले असे समजा.

ज्यांच्यापाशी जादा पैसे नाहीत, त्यांनी काय करावे? त्यांनी नव्या दिखाऊ सायकलीपेक्षा चांगल्या बनावटीची जुनी, साधी सायकल घ्यावी. नवी स्वस्त घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात कारागिराकडून ओव्हरऑईल करून स्पोक ताणून घ्यावेत. नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होते. त्या विणकर गृहस्थांचे वाचलेले हजार रुपये डॉक्टरच्या पहिल्या भेटीतच संपले. शिवाय बुडालेली मजुरी वेगळीच.

तो मुलगा पुढे एक जुनी काळी सायकल चालवू लागला. ती निवडताना मी त्याच्या वडिलांबरोबर कारागिराच्या दुकानापर्यंत चालत गेलो होतो. पहिल्या वेळीही मी तेच करावयास हवे होते.