खुली निविदा नेमकी कुणाला खुली?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "निविदा सगळ्यांना खुली असताना काहींना वेगळी सवलत कशाला?" प्रश्न रास्त आहे. आज नेरूळच्या या सभागृहात त्यावरच बोलू.

केंद्रीय दक्षता आयोगाचे 2002 चे निकष बघा. 50 लाखांचं काम हवं, तर तसंच 40 लाखांचं एक, 25 लाखांची दोन किंवा 20 लाखांची तीन कामं आधी पूर्ण केलेली हवीत. वर उलाढालीची अट, बयाणा रक्कम. म्हणजे ज्याने काम केलंय त्यालाच काम! आमचा एक जुना विद्यार्थी फॅब्रिकेशन करतो. एका सरकारी कामाचं सगळं रेलिंग त्याच्या शेडमध्ये तयार झालं, पण कागदावर ठेकेदार दुसराच. अनुभवाचा दाखलाही त्या दुसऱ्याच्याच नावे. औपचारिक समानता आणि प्रत्यक्ष संधी हा भेद आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. तेव्हा हे उदाहरण हाताशी असतं, तर मुलं जागी राहिली असती.

केंद्राने 2012 मध्ये सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी खरेदी धोरण आणलं. आज केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के या उद्योगांकडून करायची असते. त्या 25 मध्येच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. बयाणा माफ.

"मग महाग पडणार!" असं लगेच म्हटलं जातं. समजा, सर्वांत कमी दर एका मोठ्या कंपनीचा, 100 रुपये आला, आणि एका लघुउद्योजक बाईंनी 112 सांगितला. त्या 15 टक्क्यांच्या आत आहेत, म्हणून त्यांना विचारलं जातं, 100 ला द्याल का? हो म्हणाल्या, तर मागणीतला एक हिस्सा त्यांना. नाही जमलं, तर नाही. सरकारचा जादा रुपयाही जात नाही.

पण हे धोरण महापालिकांना बंधनकारक नाही, आणि गटार, उद्यान, शाळेचे गणवेश ही कामं तर पालिकाच देते. कर्नाटकाने 2017 मध्ये कायदा बदलून 50 लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांना 24.1 टक्के हिस्सा राखला. पुढे ती मर्यादा 1 कोटी झाली. पुण्यात महापालिकेने 2008 मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशीच करार केला.

अमेरिकेची गोष्टही सांगायला हवी. अटलांटाचे महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी सत्तरच्या दशकात विमानतळाच्या कामांत अल्पसंख्याक व्यावसायिकांना वाटा मिळवून दिला. रिचमंड शहराचा 30 टक्क्यांचा नियम मात्र 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण शहराने भेदभावाचा पुरेसा पुरावा मांडला नव्हता. म्हणजे आधी मोजणी हवी.

म्हणून नवी मुंबई महापालिकेकडे आमचं पहिलं मागणं मोजणीचंच. गेल्या पाच वर्षांतली कामं कुणाला गेली, त्यात महिला किती, दलित-आदिवासी किती, ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्या करावे, सारसोळेच्या आगरी-कोळी घरांतले किती, हे जाहीर करा. मग छोट्या कामांवरचा बयाणा माफ करा आणि बिलं 45 दिवसांत चुकती करा. बायकोच्या नावावर किंवा दुसऱ्याच्या जातीवर ठेका घेणारे निघतीलच, आम्हीही काही भाबडे नाही. तेव्हा प्रत्यक्ष काम कोण करतंय, याची जागेवर तपासणी हवी. आणि ज्याच्या शेडमध्ये काम झालं, त्याचं नाव दाखल्यावर यायलाच हवं.

आता प्रश्न विचारा.